काळ्या टेपची हद्द

फ्रँकफर्टच्या आमच्या मराठी मंडळींत माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. गणपतीच्या जेवणानंतर कुणीतरी एखाद्या नव्या जोडप्याला माझ्यापुढे आणून उभं करतं आणि म्हणतं, "हे काका. यांनी आयर्लंडचा मतदारसंघ दुरुस्त केला." जोडपं हसतं. मग माझी मुलगी सगळं रंगवून सांगते. तिच्या सासऱ्यांचं गाव शेजारच्या मतदारसंघात ढकललं गेलं होतं, बाबांनी आमच्या भिंतीवर नकाशा काढला, नवऱ्यानं त्याचा फोटो तिकडच्या आयोगाला पाठवला आणि गाव परत आपल्या जागी आलं. सगळे वा वा म्हणतात. मी श्रीखंडाच्या वाटीत बघत राहतो.

गोष्ट खोटी नाही. पण तिच्यातून एक घर गळलं आहे, आणि ते माझ्या हातानं गळलं. आता हात थरथरतो, टेप ओढता येत नाही. लिहिता येतं. म्हणून ते घर परत जागेवर ठेवतो.

मुलीनं लग्न केलं ते एका आयरिश मुलाशी. दोघंही फ्रँकफर्टला बँकेत. त्याची आई गेली आणि पाठोपाठ वडिलांची नजर जाऊ लागली. समोर बघितलं की मधोमध धुकं आणि कडेकडेनं थोडं जग, असं त्यांचं दिसणं होतं. जावयानं त्यांना हिवाळ्यापुरतं इकडे आणलं. गावातल्या घराला कुलूप लावून ते आले. किल्ली कोटाच्या आतल्या खिशात असायची आणि बोलताना त्यांचा हात अधूनमधून तिथं जायचा.

आम्ही नवराबायको नेकारसुल्मला राहतो. शुक्रवारी गाडी पकडून मुलीकडे जायचं आणि सोमवारी परतायचं, हा आमचा निवृत्तीतला उद्योग. तिथं आम्ही दोघे म्हातारे एकमेकांच्या वाट्याला आलो. मुलीनं त्यांना 'व्याही' हा शब्द शिकवला. सुनेच्या बापाला हाक मारायला त्यांच्या इंग्रजीत शब्दच नव्हता. हा मिळाल्यावर त्यांना भारी आनंद झाला आणि ते तो सारखा वापरू लागले. "व्याही, चहा?" "व्याही, बर्फ पडतोय का?" आमचं बाकीचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांचं चर्चच्या घंटेसारखं हेलकावणारं इंग्रजी आणि माझं पुण्यात शिकून जर्मनीत गंजलेलं.

दुपारी वरणभात झाला की ते हीटरजवळच्या खुर्चीत बसायचे आणि आपल्या मतदारसंघाचा इतिहास सांगायचे. मी सोफ्यावर. बाहेर ट्राम वळायची तेव्हा तिचा एक लांब, ओला आवाज यायचा. खिडकीतून येणारं पांढरट ऊन भिंतीवर चढायचं आणि दिसेनासं व्हायचं. त्या उजेडात ते बोलत असले की वाटायचं, माणूस बोलतच नाही, कुठून तरी पाणी वाहतंय.

जेवणाच्या टेबलावरच्या वस्तू त्यांच्या कामी यायच्या. मिठाची डबी म्हणजे त्यांची काउंटी, आपल्याकडचा जिल्हाच, लोणच्याची बरणी म्हणजे शेजारची, चमचे म्हणजे हद्दी. इंग्रजांच्या काळात इथून लंडनच्या संसदेत माणसं निवडून जायची, पुष्कळदा जमीनदारच. मग देश मोकळा झाला आणि मतदारसंघ एकदम मोठा झाला, त्याला बरणीचं एक शेपूट जोडलं गेलं. मग ते शेपूट तोडलं. मग मिठाच्या डबीचेच दोन भाग झाले, पुढं परत एक. तिकडे एका मतदारसंघातून एकच माणूस निवडत नाहीत. तीन, चार किंवा पाच निवडतात, आणि मतपत्रिकेवर शिक्का न मारता पसंतीचे आकडे लिहितात. एके काळी मंत्रीच हद्दी आखायचे, आपल्या पक्षाला सोयीच्या. पुढं लोकांना त्याची लाज वाटली आणि आयोग आला. आता माणसं वाढली किंवा घटली की आयोग चमचे हलवतो.

"काउंटीची हद्द शक्यतो मोडू नये, असं नियमात आहे," ते म्हणायचे. "त्या 'शक्यतो'मध्ये आमचं गाव वाहून गेलं."

त्यांचं गाव काउंटीच्या अगदी कडेला. मागच्या फेरबदलात माणसांची संख्या जुळवायला ते बरणीकडे गेलं. "फुटबॉल आमच्या काउंटीसाठी खेळायचं, लग्नं तिथंच, मयतं तिथंच, आणि मत द्यायची वेळ आली की शेजाऱ्याच्या दारात उभं राहायचं. टोपी हातात घेऊन."

एकदा त्यांनी मला विचारलं, "व्याही, तुमचा मतदारसंघ कुठला?"

मी सांगायला गेलो आणि थबकलो. लहानपणी ज्याचं नाव ऐकलं होतं तो पुनर्रचनेत गेला. त्याचा तुकडा कुठं गेला हे मी कधी विचारलं नव्हतं. इथं जर्मन पासपोर्ट घेतल्यापासून मी नेमानं मत देतो. घरी पत्र येतं, मी त्यात लिहिलेल्या शाळेत जातो. पण आमचा वालक्राइस, म्हणजे इथला मतदारसंघ, कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, ते मला माहीत नव्हतं.

"मग तुम्ही राहता तरी कुठं?" ते म्हणाले आणि खूप हसले.

अशाच एका दुपारी त्यांनी ओढ्याची गोष्ट सांगितली. मी पेंगत होतो. त्यांच्या आजोबांचं शेत ओढ्याच्या पलीकडे, असं काहीतरी होतं. हद्द ओढ्यानं येते, पण तिथं ती पाणी ओलांडते, आजोबांच्या घराला वळसा घालते आणि परत ओढ्यावर येते. मोजणीदारांना आजीनं भाजलेल्या ब्रेडवर लोणी लावून दिलं, की आजोबांनी त्यांच्या साखळीवर पाय ठेवला, ते आता आठवत नाही. मला झोपेत दिसलं ते असं: हीटरखालून पाणी येतंय, एक बाई परकर सावरत त्यातून चालतेय आणि तिच्यामागं एक काळी रेषा पाळीव कुत्र्यासारखी चाललीय. डोळे उघडले तेव्हा ते विचारत होते, "समजलं ना?"

"समजलं," मी म्हणालो.

त्याच हिवाळ्यात आयोगानं हद्दींचा नवा आढावा सुरू केला आणि लोकांकडून म्हणणं मागवलं. कुणीही पाठवू शकत होतं. जावई म्हणाला, "डॅड, सोफ्याला किती दिवस सांगणार? लिहून पाठवू या." व्याह्यांनी किल्लीवर हात ठेवला. त्यांच्या मनात होतं ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उघड सांगितलं. उरलेलं धुकं पूर्ण उतरायच्या आत त्यांना घरी जायचं होतं आणि एकदा, शेवटचं, आपल्या घरात राहून आपल्या काउंटीत मत द्यायचं होतं. बाकी काही नको.

मजकूर जावयानं लिहिला. नकाशा मी काढतो म्हणालो. कागदावरचा नकाशा त्यांना दिसत नव्हता. पण माझा धंदाच असा होता की मी त्यांच्यासाठी बोटांनी वाचायचा नकाशा करू शकत होतो.

नेकारसुल्मजवळच्या एका कार्यशाळेत मी आयुष्यभर मोटारींच्या अंगाचे नमुने केले. गाडीची आकृती पूर्ण आकारात भिंतीवर काढायची, आणि ती पेन्सिलीनं नाही, अरुंद काळ्या टेपनं. एका हातात रीळ, दुसऱ्या हाताचा अंगठा टेपवर. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत श्वास न तोडता रेषा ओढायची. टेपला स्वतःचं मन असतं. तिला कोपरे आवडत नाहीत. ज्यानं टेप कापली त्याला हात नाही, असं आमचा जर्मन उस्ताद मानायचा. चांगली रेषा ओढली की तो लांबून डोळे बारीक करून म्हणायचा, "गेनाऊ." अगदी बरोबर, एवढंच. त्या एका शब्दासाठी मी तीस-पस्तीस वर्षं रेषांमधले पोचे अंगठ्यानं सपाट केले.

मुलीच्या जेवणघराची एक भिंत रिकामी होती. मी स्टुलावर चढलो तेव्हा बायको खालून म्हणाली, "अहो, भाड्याची भिंत आहे. घरमालक आला तर काय सांगणार? आयर्लंड राहायला आलंय म्हणून?"

"आयर्लंड पसाऱ्याशिवाय येत नाही," व्याही खुर्चीतून म्हणाले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण बायकोचा सूर कळायचा.

छापील नकाशा शेजारी लावून मी काउंटीची हद्द टेपनं ओढू लागलो. समुद्राकडून सुरुवात केली. डोंगराच्या कण्यावरून वर, तिथून तळ्याच्या काठानं. किती दिवसांनी हात असा चालत होता! खोली दूर गेली. मी कुठल्यातरी पावसाळी देशाच्या कडेकडेनं चालतोय आणि माझ्या पावलांमागं काळी, ओली वाट उमटतेय असं वाटत होतं. ओढ्यापाशी छापील रेषेला एक छोटं नाक होतं. टेप तिथं नाराज झाली. मी अंगठा दाबला आणि नाक सपाट करून पुढं गेलो. विचार केला नाही. पोचा दिसला की अंगठा आपोआप जातो.

रेषा पूर्ण झाली. खरंच सुरेख झाली होती.

बायकोला एक गोष्ट सुचली. व्याह्यांच्या बोटाला त्यांचं घर सापडावं म्हणून तिनं पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं, एक मोठी टिकली घेतली, छापील नकाशात घराची खूण कुठं आहे ते चष्मा वर करून पाहिलं आणि भिंतीवर लावली. मग मागे सरून म्हणाली, "अहो, यांचं घर बाहेर गेलं."

टिकली टेपच्या बाहेर होती. फार नाही, बोटभर.

"जरा आत सरकव," मी म्हणालो.

"घर सरकवू?"

"टेप आता कापली तर सगळी रेषा बिघडेल. एवढ्या मोठ्या नकाशात बोटभरानं काय होतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग नखानं टिकली सोडवली आणि आत लावली.

संध्याकाळी आम्ही व्याह्यांना भिंतीपाशी उभं केलं. त्यांचं बोट टेपवरून निघालं. ते डोळे मिटून चालले होते आणि वाटेत भेटेल त्याची नावं घेत होते. इथं घाट. इथं पीटचं दलदलीचं माळरान, त्यात माझ्या काकाचं गाढव बुडालं. इथं पब, इथं चर्च, आमच्याकडे दोन्ही जवळजवळ लागतात, सोयीसाठी. सगळे हसत होते. मग बोट ओढ्यापाशी आलं आणि टिकलीला लागलं. ते थांबले. बोट थोडं मागे गेलं, परत पुढं आलं.

"हे माझं घर?"

"हो," बायको म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली.

"इथं रेषा सरळ लागतेय, व्याही."

"टेप आहे ना," मी म्हणालो. "ती अशीच जाते."

त्यांनी बोट काढलं. "तुम्ही इंजिनिअर. तुम्हाला माहीत."

सोमवारी परतताना गाडी नेकारच्या काठानं चालली होती. नदीवर धुकं होतं, द्राक्षांचे उतार त्यात अर्धे बुडाले होते. मला डुलकी लागली आणि ती दुपार परत आली, आता सगळ्या शब्दांसकट. ओढा, आजोबा, पाणी ओलांडणारी हद्द, वळसा. मी दचकून जागा झालो. छापील नकाशातलं ते नाक म्हणजेच आजोबांचं, आता त्यांचं, घर होतं. माणूस आपल्या घराची गोष्ट मला सांगत होता आणि मी त्याच्या आवाजाची अंगाई करून झोपलो होतो.

फोटो अजून गेला नव्हता. जावई मजकूर तपासून आठवड्याच्या शेवटी पाठवणार होता. एक फोन केला असता तर पुरलं असतं. मी रोज फोन हातात घेतला. पण मुलीनं त्या भिंतीचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता, पुण्याहून भाच्यांचे मेसेज येत होते, 'मामा, काय हात आहे!' आणि माझ्या डोळ्यांसमोर कापलेली टेप यायची. मी फोन केला नाही. मला आधी कळलं होतं आणि मी गप्प बसलो, हे मंडळाच्या गोष्टीत नसतं.

निकाल ऐकूनच जायचं म्हणून व्याही उन्हाळाभर थांबले, आणि उन्हाळ्यानंतर आयोगाचा अहवाल आला. जावयानं स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला. गाव मूळ मतदारसंघात परत. मुलीनं टाळी वाजवली, जावयानं वडिलांना मिठी मारली. व्याही म्हणाले, "परत वाच. कडेपर्यंत वाच." त्यानं वाचलं. नवी हद्द ओढ्यानं जात होती, सरळ. ओढ्यापलीकडचं सगळं शेजारच्या मतदारसंघात तसंच राहिलं होतं.

"म्हणजे पब आला," ते म्हणाले, "चर्च आलं, फुटबॉलचं मैदान आलं. मी राहिलो." एकटेच हसले.

जावई त्यांना समजावत राहिला. आयोग लोकसंख्या बघतो, त्याचे स्वतःचे ठरलेले लहान विभाग असतात, भिंतीच्या फोटोवरून कुणी हद्द आखत नाही. तो बरोबरही असेल. ती रेषा माझ्या अंगठ्यामुळे सरळ झाली की कुठल्यातरी कचेरीतल्या बेरजेमुळे, हे मला कधीच कळणार नाही. पण आम्ही पाठवलेल्या कागदांत त्या घरासाठी कुणी बोललं नव्हतं. व्याह्यांनी ते मागितलंच नाही, कारण त्यांना वाटलं घर नकाशात आहे.

बायकोनं चहाची गाळणी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. बाकीचे बाहेर गेल्यावर म्हणाली, "तुम्ही सांगणार की मी सांगू? टिकली माझी होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही तिघं म्हातारेच होतो. मी स्टूल ओढलं, ब्लेड घेतलं आणि ओढ्यापाशी टेप कापली. बारीक तुकडे करून ते नाक बसवलं. एका तुकड्याची कड वर आली, एक वाकडा बसला. उस्तादानं पाहिलं असतं तर कार्यशाळेबाहेर काढलं असतं. मग टिकली तिच्या पहिल्या जागी नेली. व्याह्यांचा हात धरून त्यांना भिंतीपाशी आणलं आणि बोट तिथं ठेवलं.

ते बोट बराच वेळ त्या तुकड्यांवरून फिरत राहिलं. पलीकडे, वळसा, परत ओढ्यावर.

"हं," ते म्हणाले. "हे माझं घर."

मी सगळं सांगितलं. झोप, अंगठा, टिकली.

"पाठवायच्या आधी माहीत होतं?"

"हो. गाडीत आठवलं. पाठवायला अजून दिवस होते."

बाहेर ट्राम वळली. त्यांनी टिकलीवरचं बोट काढलं. मग म्हणाले, "सांगितल्याबद्दल आभारी आहे, सर." आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत गेले. त्या आठवड्यात आणि नंतरही त्यांनी मला व्याही म्हटलं नाही.

हिवाळा लागायच्या आत ते घरी गेले, ओढ्यापलीकडे. त्यांची भाची जवळच राहते, ती बघते. मी विमानतळावर गेलो होतो. त्यांनी हात मिळवला, किल्ली काढून मुठीत धरली आणि आत गेले.

त्यानंतर माझ्या झोपेत तो ओढा पुष्कळदा यायचा. कधी आमच्या नेकारसुल्मच्या अंगणातून जायचा, कधी कार्यशाळेच्या भिंतीखालून. मी एका काठावर उभा असायचो आणि पलीकडे एका खिडकीत दिवा असायचा. हाक मारावी तर तोंडात टेपचं टोक.

त्यांच्याकडे निवडणूक झाली त्या दिवशी मुलीकडे फोन वाजला. तिनं थोडं बोलून तो माझ्या हातात दिला. "तुम्हाला मागतायत."

"मत देऊन आलो," ते म्हणाले. "बरणीच्या शाळेत. भाची बरोबर होती, तिनं नावं वाचली. एकालाही ओळखत नव्हतो. मग विचारलं, यांतला ओढ्याच्या सर्वांत जवळ राहणारा कोण? त्याला एक नंबर दिला. निदान चिखल तरी आमचा सारखा."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकलंच. मला अजून राग आहे." मागे कुत्रं भुंकत होतं, वाऱ्यानं काहीतरी आपटत होतं. "पण इथं हिवाळा मोठा असतो आणि माझ्या चमच्यांच्या गोष्टी भाचीला पाठ झाल्यात. तुम्ही फोन करत जा, व्याही. फक्त झोपू नका."

आता रविवारी दुपारी मी फोन करतो. ते सांगतात, मी ऐकतो. ऐकलं की नाही हे बघायला ते मध्येच प्रश्न विचारतात आणि उत्तर चुकलं की मुद्दाम सगळं पहिल्यापासून सुरू करतात. मध्यंतरी त्यांनी मला माझ्या वालक्राइसची हद्द शोधून काढायला लावली. ती एका नाल्यावरून जाते, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं.

मुलीला हे सगळं मागच्या महिन्यात सांगितलं. तिनं भिंतीपाशी जाऊन टिकलीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, गणपतीत तुम्हीच सांगा. मला हे सांगता येणार नाही." सांगेन. पण तिथं गोंगाट असतो, म्हणून आधी इथं लिहून ठेवलं.

नकाशा अजून भिंतीवर आहे. एकसंध ओढलेली टेप जागची हललेली नाही. ओढ्याजवळचे कापलेले तुकडे मात्र हीटर लागला की सुटतात. शुक्रवारी आम्ही पोचलो की बायको पिशव्या आत नेते आणि मी कोट न काढताच भिंतीपाशी जातो, आणि टिकलीभोवतीचा एकेक तुकडा अंगठ्यानं दाबून बसवतो.